झुल्मिराची मोजणी

पुरवणी जबाब
पोलिस ठाणे सांता ओतिलिया, राज्य सांता कातारिना, ब्राझील
दिनांक ३० जुलै २०१९, सकाळी सव्वादहा

मी, आदेलार फोर्तुनातो बर्टोल्डी, वय ६७ वर्षे, धंदा काही नाही (केळी संघाच्या शेडमधून निवृत्त), राहणार लिन्या बोनिता, चर्चच्या मागचे तिसरे घर, समक्ष ठाण्यात येऊन माझ्या मर्जीने लिहवून देतो की,

मी वरील पत्त्यावर एकोणचाळीस वर्षांपासून राहतो. घरात एकटा आहे. ११ जुलैच्या माझ्या पहिल्या जबाबात ‘पत्नीसह राहतो’ असे लिहिले गेले आहे. त्या दिवशी पत्नीला जाऊन एक दिवस झाला होता. लिहिणाऱ्यांनी सवयीने लिहिले आणि मीही काही बोललो नाही. ती दुरुस्ती पहिली.

दुसरी दुरुस्ती मोठी आहे आणि तिच्यासाठीच मी आलो आहे. त्या जबाबात मी असे सांगितले की, माझी पत्नी झुल्मिरा, वय ६४, हिने कोळ्याचे डोळे मोजण्यात चूक केली व त्यामुळे तिला विषारी कोळी चावून तिचा मृत्यू झाला. हे खोटे आहे. झुल्मिरा चुकली नाही. त्या कोळ्याचे डोळे कोणी मोजलेच नव्हते, आणि मोजले असे मी तिला खोटे सांगितले.

मला कोणी बोलावलेले नाही. जबाब नोंदवणारे दिर्सेउ मला म्हणाले, “काका, कशाला उकरून काढताय? प्रकरण बंद झालंय. तुमच्यावर कुणाचा राग नाही, घरी जा, सूप पिऊन झोपा.” मी म्हणालो, राग नाही म्हणूनच आलो. ते म्हणाले, पहिला जबाब खोटा ठरला तर तुमच्यावर गुन्हा लागू शकतो. मी म्हणालो, लावा. हे बोलणेही मी आग्रहाने लिहवून घेतले आहे.

मी कोळी पाळतो, म्हणजे पाळत होतो. मागच्या व्हरांड्यात माशांच्या जुन्या काचेच्या अकरा पेट्या होत्या. तळाला खडी, त्यावर कोळशाचा चुरा, वर लाल माती आणि कुजलेला पाला. प्रत्येक पेटीत शेवाळ आणि नेचे लावलेले, एखाद्या सालीचा आडोसा, आणि बाटलीच्या झाकणात पाण्याचा कापूस. एका पेटीत एकच कोळी ठेवायचा, दोन ठेवले तर सकाळी एकच उरतो. कोळी माझे आणि पेटीतले रान झुल्मिराचे, अशी आमच्यात वाटणी होती. लग्नानंतर पहिली दोन वर्षे ती त्या व्हरांड्यात पाऊल टाकत नसे. मग एका मादीने पाठीवर पिल्ले वागवलेली तिने पाहिली, शंभरएक असतील, आणि दुसऱ्या दिवशी ती नदीवरून शेवाळ घेऊन आली. म्हणाली, “लेकरवाळीला असं उघड्या मातीवर ठेवतात होय, म्हाताऱ्या?” तेव्हा मी तीस वर्षांचा होतो. आम्हाला मूल नाही.

हा कोळी पुस्तकात लांडगा-कोळी म्हणून आहे. आमच्याकडे त्याला बागवाली म्हणतात. कोळी नर असो की मादी, बोलण्यात बाईच असते. बागवाली चावली तर आग होते आणि दुपारपर्यंत जाते. आम्हा दोघांना कितीदा तरी चावली आहे. तिच्यासारखीच दिसते ती पवित्रेवाली. ती केळीच्या बागांत असते, डिवचले की पुढचे पाय वर करून उभी राहते, आणि ती चावली तर माणूस जाऊ शकतो. दोघींचा रंग एक, अंग एक, तोंड तांबूस. खात्रीचा फरक डोळ्यांत. बागवालीला खाली चार बारीक डोळे एका ओळीत, वर दोन मोठे, त्यामागे आणखी दोन. पवित्रेवालीला आधी दोन, मग चार, मग दोन. शेडमध्ये फुटबॉलचे वेड फार, म्हणून लोक हे मैदानावरच्या खेळाडूंच्या रचनेसारखे पाठ करतात. झुल्मिराने त्याला चाल लावली होती, “चार-दोन-दोन, भितंय कोण? दोन-चार-दोन, लाव आधी फोन.” शेडमधली सगळी माणसे हे म्हणतात. दिर्सेउही शाळेत असताना काड्यापेटीतून माझ्याकडे कोळी आणत. त्यांनाही हे पाठ आहे.

कोणाच्या घरात, बुटात, केळीच्या घडात कोळी निघाला की लोक बरणीत घालून माझ्याकडे आणत. मी भिंगातून पाहून सांगत असे. बागवाली म्हणालो की लोक हसत घरी जात. मी कॉलेजात गेलेलो नाही. वासरात लंगडी गाय शहाणी, एवढाच माझा मान, पण तो मला फार प्रिय होता. इतका प्रिय असेल असे मला वाटले नव्हते.

एप्रिल महिन्यात जिल्ह्याच्या डॉक्टरांनी माझे डोळे तपासले. मला कडेकडेचे दिसते, मधोमध काळा डाग आहे. मी चालू शकतो, चहा ओतू शकतो, दारातून कोण आले ते चालीवरून ओळखतो. पण ज्याच्याकडे बघावे तेच नाहीसे होते. डॉक्टर म्हणाले, हे परत येणार नाही. झुल्मिरा बाहेर बाकावर बसली होती. मी तिला सांगितले, चष्म्याचा नंबर वाढलाय.

तेव्हापासून कोणी बरणी आणली की मी तिला म्हणायचो, “मोज जरा, तुझी सवय जायला नको.” ती भिंग घेऊन मोठ्याने मोजायची आणि निकाल मी द्यायचो. एप्रिल ते जून या काळात तिने एकोणीस कोळी मोजले. त्यांतले दोन तिने ‘दोन-चार-दोन’ म्हणून सांगितले आणि ते खरोखर पवित्रेवाल्या निघाल्या, संघाच्या साहेबांनी खात्री केली होती. एकोणिसात एकही चुकली नाही. हा आकडा लिहावा.

शनिवार, ६ जुलै रोजी झुल्मिरा तिच्या बहिणीकडे गेलेली होती. जुलैच्या ऐन हिवाळ्याची थंडी कडक होती, सकाळी गवतावर दहिवर गोठले होते. दहाच्या सुमारास माझ्या व्हरांड्यात शेडमधली पाच-सहा माणसे होती. उकडलेले पिन्यांव, म्हणजे पाइनच्या बिया, सोलणे चालले होते आणि शिमारांव या कडू चहाचा तुंबा हातोहात फिरत होता. तेव्हा दोर्व्हाल, माझा शेजारी, लोणच्याची बरणी घेऊन आला. बरणी जाड नक्षीच्या काचेची होती व आतून दव धरलेली होती. तो म्हणाला, “काका, परसात चोचोच्या वेलाखाली होती. बागेतली आहे.”

त्याने ‘बागेतली’ म्हटले, म्हणजे बागेत सापडलेली. त्याची बाग केळीच्या मळ्याला लागून आहे हे मला माहीत होते. मी बरणी हातात घेतली आणि भिंग लावले. मला काच दिसली, काचेची कड दिसली, तांबूस काहीतरी दिसले. मी बरणी हलवली. ती पाय वर करून उभी राहिली नाही. थंडीने ती आखडली होती, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. थंडीत पवित्रेवालीही पवित्रा घेत नाही, हे मीच लोकांना तीस वर्षे सांगत आलो आहे.

दोर्व्हाल म्हणाला, “झुल्मिराबाई आल्या की मोजू द्या. आजकाल पेपर त्या तपासतात, सही फक्त तुमची!” सगळे हसले. यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. पण ते मला झोंबले. मी म्हणालो, “तिला मोजायला शिकवलं कुणी? हातच्या काकणाला आरसा कशाला? बागवाली आहे.” त्यानेच आणून दिलेला शब्द मी फिरवून त्याला परत दिला. लोकांनी मान हलवली आणि तुंबा पुढे गेला.

मी तो कोळी चमच्याने सातव्या पेटीत सोडला. सातवी रिकामी होती. त्यात झुल्मिराने मे महिन्यात नवीन नेचे लावले होते. कोळी लगेच सालीखाली गेला.

मंगळवार, ९ जुलै रोजी संध्याकाळी पाचच्या बसने झुल्मिरा परत आली. बहिणीने दिलेला केळ्याचा केक तिच्या पिशवीत होता. पिशवी खाली न ठेवताच तिने विचारले, “माझ्यामागे कुणी आलं का?”

मी म्हणालो, “सातवीत एक बागवाली आलीय.”

“मोजलेस?”

“मोजले.”

“चार-दोन-दोन?”

“अगं हो, चार-दोन-दोन. आल्याआल्या उलटतपासणी काय घेतेस?”

तिने माझ्याकडे पाहिले असावे. तिचा चेहरा तेव्हा कसा होता, हे मला सांगता येत नाही, कारण मीही तिच्याकडेच पाहत होतो. मग ती म्हणाली, “बरं. केक खातोस?” आणि आम्ही केक खाल्ला.

बुधवार, १० जुलै रोजी सकाळी आठ चाळीसला ती पेट्यांना पाणी घालत होती. ती हातमोजे घालत नसे, त्याने शेवाळ दबते असे तिचे म्हणणे होते. एक ते सहा पेट्या झाल्या. सातवीचा कापूस बदलायला तिने हात घातला. मी स्वयंपाकघरात होतो. ‘आई गं’ असे ऐकले. मी गेलो तेव्हा ती खाली बसलेली होती आणि पेटीचे झाकण तिने नीट लावलेले होते.

ती म्हणाली, “म्हाताऱ्या, ही बागवाली नाही.”

मी म्हणालो, “घाबरलीस. कधी चावली नाही का तुला? बर्फ लाव.”

“खांद्यापर्यंत चढतंय रे.”

“थंडीनं होतं तसं.”

हे माझे शब्द आहेत, जसेच्या तसे लिहावेत. मला तेव्हा शंका आली होती का, असे विचारले असता सांगतो की, आली होती. शंका आली होती आणि मी बर्फ आणायला गेलो. बर्फाची पिशवी मी पाऊण तास धरून बसलो. तिला दरदरून घाम सुटला होता. नऊ पंचवीसला उलटी झाली. मग तिनेच दोर्व्हालला हाक मारली, मी नाही. तिनेच त्याला कोळी बरणीत धरून बरोबर घ्यायला सांगितले.

दोर्व्हालच्या गाडीतून आम्ही दहा वीसला आमच्या उपकेंद्रात पोहोचलो. तेथील नर्स नेउझा यांनी विचारले, “कुठली चावली?” उत्तर मी दिले. मी म्हणालो, “बागवाली.” माझ्या शब्दावर त्यांनी तसे लिहिले. माझ्या शब्दावर इथे कोणी दुसरे मत घेत नाही. बागवालीला विषावरची लस लागत नाही, म्हणून हात बधिर करण्याची सुई देऊन तिला खाटेवर झोपवून ठेवले. नर्सबाईंची यात काही चूक नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी झुल्मिराने मला जवळ बोलावले. भिंग माझ्या सदऱ्याच्या खिशात असते. तिने ते चांगल्या हाताने स्वतः काढून घेतले, मला मागितले नाही. मग नर्सबाईंना बरणी डोळ्यांसमोर धरायला सांगितली. ती मोठ्याने मोजू लागली, व्हरांड्यात मोजायची तशीच. “दोन. चार. दोन.” मग भिंग खाली ठेवून म्हणाली, “बाई, पवित्रेवाली आहे. काल मीच मोजायला चुकले. ह्यांना काही बोलू नका, ह्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.”

नर्सबाईंनी ते लिहून घेतले. मी खाटेपासून हातभर अंतरावर उभा होतो. दोर्व्हाल दारात होता. मी काही बोललो नाही.

अकरा पंचावन्नला रुग्णवाहिका निघाली. मोठे इस्पितळ सत्तेचाळीस किलोमीटरवर आहे. वाटेत ती एकदा म्हणाली, “सातवीला पाणी घालायचं राहिलं.” मी म्हणालो, घालतो. तेव्हा तरी मी खरे सांगायला हवे होते, गाडीत आम्ही आणि एक परका माणूस एवढेच होतो. मी तिचा हात धरून बसलो होतो आणि मनात हाच विचार चालला होता की, आता सांगितले तर ती काय म्हणेल. बारा पन्नासला पोहोचलो. सव्वा वाजता लस दिली. दुपारी तीन पन्नासला ती गेली. डॉक्टर म्हणाले, तिचे हृदय आधीच कमजोर होते, लस लवकर मिळाली असती तर वाचली असतीच असे खात्रीने सांगता येत नाही. मला ही खात्री कोणीच देत नाही, ना या बाजूने, ना त्या.

११ जुलै रोजी याच ठाण्यात माझा जबाब झाला. उपकेंद्राचा कागद समोर होता. मला विचारले, पत्नीने मोजण्यात चूक केली हे खरे का? मी ‘हो’ म्हणालो. एकच अक्षर होते.

दफनाच्या दिवशी मी चर्चमध्ये असताना दोर्व्हाल आणि आणखी दोघांनी माझ्या सर्व अकरा पेट्यांत उकळते पाणी ओतले. माझ्या भल्यासाठीच केले. “काका, घरात एकटे असाल, आता ही पीडा नको,” असे तो म्हणाला. चौथ्या पेटीत पाठीवर पिल्ले घेतलेली मादी होती. झुल्मिरा बहिणीकडून रोज फोन करून तिची चौकशी करायची. नेचेही सगळे गेले. मी दोर्व्हालचे आभार मानले. माझी याबाबत तक्रार नाही.

२० जुलै रोजी मी रिकाम्या पेट्या धुवायला काढल्या. डोळ्यांनी होत नाही म्हणून हाताने चाचपत होतो, तेव्हा प्रत्येक झाकणाच्या मुठीला लोकरीचा धागा बांधलेला लागला. धाग्याला गाठी होत्या. पहिल्या झाकणाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, अशा अकरापर्यंत. पेट्यांवर रंगाने घातलेले आकडे होतेच. डोळस माणसाला गाठींचे काय काम? ही लोकर तिने मे महिन्यात माझ्या स्वेटरसाठी आणलेली होती. म्हणजे मे महिन्यापासून तिला माहीत होते. मी तिच्यापासून लपवत होतो आणि ती तिला माहीत असल्याचे माझ्यापासून लपवत होती. एका घरात दोन माणसांची लपाछपी चालली होती आणि राज्य कोणावर होते तेच कळत नव्हते.

विचारले असता की, माझी दृष्टी गेल्याचे मयतास माहीत होते, तर माझ्या ‘मोजले’ या शब्दावर तिने उघडा हात पेटीत का घातला? उत्तर : मला सांगता येत नाही.

पुन्हा विचारले असता सांगतो की, हात न घालणे किंवा भिंग मागणे म्हणजे मला खोटे पाडणे झाले असते. चारचौघांत तिने मला कधी खोटे पाडले नाही. पण त्या सकाळी व्हरांड्यात चारचौघे नव्हते, ती एकटी होती. मी स्वयंपाकघरात असताना ती हळूच भिंग लावून पाहू शकली असती. मला कळलेही नसते. तिने तसे का केले नाही, याचा मी रोज सकाळी आठ चाळीसला विचार करतो. कदाचित तिला खरेच वाटले असेल की मी मोजले. कदाचित तिला तसेच मानायचे असेल.

आता मी आजच का आलो ते सांगतो. लोक मला भेटायला येतात आणि म्हणतात, “बिचारी, एवढी वर्षं मोजून शेवटी चुकलीच.” मी ‘हो’ म्हणायचो. ‘चुकते माणूस’ असेही एकदा म्हणालो. त्याने माझा जेवढा मान होता तो तसाच राहिला, उलट लोक जास्तच आदराने बोलू लागले. शनिवार, २७ जुलै रोजी मी शेडमध्ये केळी आणायला गेलो. तिथे कोणाच्या तरी मोजणीत दोन खोकी कमी भरली होती. एक जण ओरडला, “काय रे, ही काय झुल्मिराची मोजणी झाली होय!” सगळे हसले. मग कोणीतरी मला पाहिले आणि केळी धुण्याच्या पाण्याचा आवाज तेवढा राहिला. दोर्व्हाल धावत आला, म्हणाला, “काका, मनावर घेऊ नका. वाईट अर्थानं नाही म्हणत. आता तसं म्हणायची पद्धतच पडलीय.”

पद्धत पडली आहे. मी शेडमध्ये एकतीस वर्षे काढली आहेत, तिथली म्हण कशी टिकते हे मला माहीत आहे. एकोणीसशे ब्याऐंशीत तिथे एक अर्नो नावाचा माणूस गाडीला ब्रेक लावायला विसरला. तो मरूनही वीस वर्षे झाली, पण आजही काही निसटले की ‘अर्नोचा ब्रेक’ म्हणतात, आणि अर्नो कोण हे म्हणणाऱ्याला माहीत नसते. तसेच माझ्या मागे, आम्ही दोघे कोण होतो हे माहीत नसलेली माणसे चुकीच्या हिशोबाला झुल्मिराची मोजणी म्हणतील. एकही मोजणी न चुकलेल्या बाईचे नाव चुकीला पडेल, आणि ते मी पाडले आहे. मला हे सहन होत नाही. तिला परत आणता येत नाही. चौथ्या पेटीतली मादीही परत येत नाही. एवढे एक नाव आहे, ते तरी मला तिला परत द्यायचे आहे.

माझ्या विनंतीवरून मुद्देमालातील बाटली काढण्यात आली. त्यात स्पिरिटमध्ये तो कोळी आहे. मला बाटली दाखवली. मला बाटलीची कड दिसली. मी माझे भिंग दिर्सेउ यांना दिले व मोजायला सांगितले. ते म्हणाले, “काका, मी काय जाणकार आहे?” मी म्हणालो, चाल पाठ आहे ना, मग मोज. त्यांनी खिडकीपाशी जाऊन मोठ्याने मोजले. दोन. चार. दोन. मग त्यांनी पुन्हा मोजले, तेच आले. झुल्मिराने घाम फुटलेल्या अंगाने, एका हाताने, मरणाच्या साडेचार तास आधी मोजले तेही तेच होते.

तरी माझी विनंती की, उपकेंद्राच्या कागदावर ‘रुग्णाने ओळखण्यात चूक केली’ असे जे आहे ते खोडून माझे नाव घालावे. या जबाबाची एक प्रत शेडच्या फळ्यावर लावावी. दिर्सेउ म्हणाले की, जबाब फळ्यावर लावण्याची पद्धत नाही. मी म्हणालो, पद्धत पाडायला शेडला दोन आठवडे लागले. ते म्हणाले, वरिष्ठांना विचारतो. परवान्याशिवाय कोळी पाळल्याबद्दल व खोटा जबाब दिल्याबद्दल जी शिक्षा होईल ती मला मान्य आहे. इतर कोणावर माझा संशय नाही.

शेवटची दुरुस्ती. माझ्या पहिल्या जबाबाखाली ‘मी स्वतः वाचला, बरोबर आहे’ असे लिहून माझी सही घेतलेली आहे. तो मी वाचलेला नव्हता. कागद डोळ्यांसमोर धरून, वाचायला जेवढा वेळ लागेल असे वाटले तेवढा वेळ मी थांबलो आणि सही केली. हा जबाब मला वाचता येत नाही, म्हणून दिर्सेउ यांनी तो मला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी ते थांबले. मी सगळा ऐकला. जे मी बोललो तेच त्यात आहे, कमी नाही, जास्त नाही. सही कुठे करायची ते त्यांनी माझे बोट धरून दाखवले आहे.

आदेलार फोर्तुनातो बर्टोल्डी
(सही रेघेच्या खाली गेली आहे, ती त्यांचीच आहे. समक्ष : दिर्सेउ, लेखनिक)